खिडकी नंबर चारचे ‘परत सांगा’

आमच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर एक लांबलचक दालन होतं आणि त्याच्या एका भिंतीला ओळीने चार खिडक्या होत्या. पहिल्या दोन केसपेपरच्या, तिसरी तपासण्यांचे रिपोर्ट द्यायची आणि चौथी औषधांची. तिसरी खिडकी माझी. तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मध्ये छातीएवढ्या उंचीची एक लाकडी फळी होती. त्या फळीच्या अलीकडे मी एकोणीस वर्षं बसले आणि पलीकडे दादा बसायचे. मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसायचा, आवाज मात्र पूर्ण ऐकू यायचा.

मी नोकरीला लागले तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. अंगाने किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, कोटाच्या वरच्या खिशात गोळ्यांच्या पट्ट्या कापायची कात्री. आणि बोलणं असं, की जणू मागून कोणी पाठलाग करतंय. ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पुढचे’ हे सगळं ते एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखं म्हणायचे. एकदा एक गृहस्थ अर्ध्या वाटेवरून परत आले आणि म्हणाले, “बाकी सगळ्या गोळ्या मिळाल्या, ती ‘पुढचे’ नावाची तेवढी राहिली.” आम्ही तिन्ही खिडक्यांवरच्या बायका हसून हसून बेजार झालो. दादाही हसले, पण हसता हसता त्यांनी पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतलीसुद्धा.

त्यांना त्या वेगाचा अभिमान होता. एका सकाळी त्यांनी तीनशे बारा माणसं काढली होती. तो आकडा ते अधूनमधून असा सांगायचे, जसं कोणी पोराला शाळेत पहिला नंबर मिळाल्याचं सांगावं. मनाने माणूस वाईट नव्हता. रांगेत उभं राहून पाय दुखतात, लोकांचा दिवस बुडतो, म्हणून आपण भराभर हात चालवावा, एवढाच त्यांचा हिशोब. घरीही तसंच. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, “मी ‘अहो, दुकानातून’ एवढं म्हणेपर्यंत हे पायात चपला घालून जिन्यात असतात. आणि मग काहीतरी भलतंच घेऊन येतात.”

एका मंगळवारी दुपारी वरच्या वॉर्डातली सिस्टर खाली आली. तिच्या हातात एक पारदर्शक पिशवी होती. तिने ती दादांच्या खिडकीवर न देता आतल्या दाराने येऊन त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हे तुमच्याकडून गेलेलं आहे,” ती म्हणाली. “बाई वर आहेत. ऑक्सिजनवर.”

पिशवीत दोन वस्तू होत्या. एक म्हणजे दम्याच्या कॅप्सूलची डबी, जवळजवळ पाऊण रिकामी. दुसरं म्हणजे ती कॅप्सूल ज्यात घालून फिरवायची आणि तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचा, ते प्लॅस्टिकचं छोटं यंत्र. त्या यंत्राचं वरचं वेष्टण फाडलेलंही नव्हतं.

दादांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. “मग औषध घेतलं कसं?”

“गिळलं,” सिस्टर म्हणाली. “पाण्याबरोबर. बावीस दिवस, रोज दोन.”

चव्वेचाळीस कॅप्सूल. छातीत जायचं औषध पोटात गेलं होतं आणि दमा जिथल्या तिथे राहून वाढत गेला होता.

दादा आधी चिडले. “मी सांगितलं होतं. चिठ्ठीवरही लिहिलंय. मी प्रत्येकाला सांगतो.” सिस्टरने वाद घातला नाही, ती निघून गेली. दादांनी आणखी वीस-पंचवीस माणसं काढली, पण आवाज बदलला होता. जेवणाच्या सुट्टीत खिडकीचं दार ओढून घेतल्यावर ते फळीवरून म्हणाले, “ताई, माझ्याबरोबर वर चला ना. मला एकट्याला जाववत नाही.”

आजी खिडकीजवळच्या खाटेवर बसून होत्या. सत्तरीच्या असतील. गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवून द्यायच्या, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. ऑक्सिजनची नळी नाकात होती आणि चार शब्दांनंतर थांबावं लागत होतं, तरी बोलायची हौस दांडगी.

“मी औषधांच्या खिडकीवरचा,” दादा म्हणाले.

“ओळखलं. कात्रीवाले.”

“आजी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, यंत्रात घालून ओढायची म्हणून?”

आजींनी दम घेतला. “तुम्ही म्हणालात, सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. मी घेतली. आता कॅप्सूल घ्यायची म्हणजे माणूस काय करतो? गिळतोच ना?”

“आणि हे यंत्र?”

“मला वाटलं, कॅप्सूल ठेवायची डबी असेल प्रवासासाठी. चांगली वस्तू दिसली. जपून कपाटात ठेवली.”

दादा हळूच म्हणाले, “पण तुम्ही मान हलवलीत. मी कळलं का विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात.”

“हो म्हणणार नाही तर काय करणार? मागचा माणूस कोपराने ढकलत होता. आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता कुठे? तुम्ही माझ्या डोक्यावरून रांग मोजत होता.” आजींच्या बोलण्यात राग नव्हता. गिऱ्हाइकाला बाही कुठे उसवली आहे ते दाखवावं, तसं त्या दाखवत होत्या. पुढे म्हणाल्या, “भराभर सांगणारा माणूस दिसला की मी विचारतच नाही काही. वाटतं, ह्याला उशीर होतोय.”

जिना उतरताना दादा एका पायरीवर थांबले. “ताई, ‘घ्या’,” ते म्हणाले. “मी दिवसातून तीनशे वेळा हाच शब्द म्हणतो. डोळ्यांत टाकायचं ते घ्या, चोळायचं ते घ्या, ओढायचं तेही घ्या.” त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते सुधारायला लागले, आणि पहिले आठ दिवस त्यांनी सगळं चुकीचं केलं. आधी नुसताच आवाज वाढवला. माझ्या खिडकीवर रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसांनाही कोणाला खाज सुटली आहे आणि कोणाला जुलाब होताहेत ते कळायला लागलं. एका बाईने शेवटी तोंडावर सांगितलं, “अहो, मी बहिरी नाही, आणि माझं दुखणं दालनाला सांगायची गरज नाही.” मग ते सावकाश बोलायला लागले, इतकं सावकाश, की माणसं मध्येच पिशवीत हात घालून सुट्टे पैसे नाहीतर रुमाल शोधायची. आणि शेवटी ते विचारायचे, “कळलं?” प्रत्येक जण म्हणायचा, “कळलं.”

नवव्या दिवशी एक तरणाबांड गवंडी आला. कानात टाकायचं औषध होतं. दादांनी सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. दादांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते म्हणाले, “मी काय सांगितलं ते परत सांगा बरं.”

गवंडी गडबडला. थोडा विचार करून म्हणाला, “फार छान सांगितलंत.”

मी फळीच्या अलीकडे तोंडावर हात धरला. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी बाटली परत हातात घेतली, स्वतःचा कान वर करून मान तिरकी केली आणि म्हणाले, “असं झोपायचं. तीन थेंब. आणि पाच मिनिटं हलायचं नाही. आता तुम्ही सांगा.” गवंड्याने मान तिरकी केली, तीन बोटं दाखवली आणि पाच मिनिटं म्हणाला. तो गेल्यावर दादा फळीवरून डोकावले. इतक्या वर्षांत मी त्यांचा पूर्ण चेहरा कामाच्या वेळात पहिल्यांदा पाहिला. “त्याला खरंच कळलं, ताई,” ते म्हणाले.

तेव्हापासून ‘परत सांगा’ सुरू झालं. लोकांना ते एकदम रुचलं असं नाही. “ही काय शाळा आहे?” असं एक निवृत्त शिक्षकच म्हणाले. एक बाई रडवेली झाली, तिला वाटलं आपण अडाणी दिसतोय म्हणून हे विचारतात. दादा त्या रात्री घरी त्यावर विचार करत बसले असावेत, कारण सकाळी येताना वाक्य बदलून आले. “मी भराभर बोलतो, माझी वाईट खोड आहे,” ते सांगायचे. “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, तसं मला सांगा.” चूक स्वतःच्या अंगावर घेतल्यावर समोरच्याचे खांदे सैल पडायचे, ते मला फळीच्या अलीकडूनही दिसायचं.

आणखीही बारीकसारीक गोष्टी ते शिकत गेले. माणूस समोर आला की कात्री खाली ठेवायची, कारण हातात कात्री असली की तो कात्रीकडेच बघतो. सगळ्यांत महत्त्वाचं असेल ते आधी, बाकीचं नंतर, आणि बिनमहत्त्वाचं सांगायचंच नाही. कोणी घाबरलेलं असेल तर औषधाचं नंतर, आधी विचारायचं, “तुम्हाला कशाची भीती वाटतेय?” एका म्हाताऱ्याला वाटत होतं की डॉक्टरांनी एवढ्या गोळ्या दिल्या म्हणजे आपले दिवस भरले. ते मनात घोळत असताना त्याच्या कानावर दुसरं काही पडणार कसं? ते आधी बोलून झालं, आणि मग त्याने सगळ्या गोळ्या रंगांसकट बरोबर सांगितल्या.

दालनातले लोक आता त्यांना ‘परत-सांगा’ म्हणायला लागले. “परत-सांगा आज आहेत का?” असं विचारून काही जण रांगेला लागायचे. पण ती रांग मात्र दालन ओलांडून बाहेर सायकली लावायच्या जागेपर्यंत गेली. तीनशे बाराचे एकशे चाळीस झाले होते. तक्रारी वर गेल्या. सगळ्यांत जास्त वैतागले ते बडे बाबू, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क. त्यांची खोली रांगेच्या वाटेवर होती आणि लोक त्यांच्या दाराला टेकून उभे राहायचे.

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्या छातीच्या आजारांच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी दादांना महिन्याच्या बैठकीत येऊन आपलं म्हणणं मांडायला सांगितलं. रिपोर्टच्या खिडकीचाही विषय होता म्हणून मीही गेले.

दादांनी अकरा पानं लिहून आणली होती. ती त्यांनी वाचली. पहिल्या पानापासून, मान खाली घालून, घाबरल्यामुळे जुन्याच वेगात. दुसऱ्या पानाला दोन डॉक्टरांचे फोन टेबलाखाली गेले. चौथ्या पानाला एक जण उठून गेला. सहाव्या पानाला बडे बाबू पेनाने नखं कोरत होते. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. पण रांगेचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरवू. तोवर जरा भराभर हात चालवा.”

बाहेर आल्यावर दादा व्हरांड्यात कठड्याला टेकून उभे राहिले. पानांची गुंडाळी केली होती. “एकानेही ऐकलं नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “दादा, राग मानू नका. वाचताना तुम्ही कोणाकडे बघत होता?”

मग त्यांनी ती पानं खिशात कोंबली. “मी खिडकीवर अकरा पानं कोणाला वाचून दाखवेन का?” ते म्हणाले. “नाही ना.”

महिनाभर त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या बैठकीला ते रिकाम्या हाताने आले, फक्त कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले. त्यांची वेळ आली तेव्हा उठून त्यांनी प्रत्येकासमोर एक यंत्र आणि एक कॅप्सूल ठेवली. “कॅप्सूल रिकामी आहे, त्यात काही नाही,” एवढं सांगितलं आणि मग त्यांच्या जुन्या सुरात, एका श्वासात, खिडकीवरचं सगळं म्हणून टाकलं. सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या, नंतर चूळ भरा, महिन्याने या, पुढचे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादांना वाटलं होतं, यंत्राचं काय करायचं ते आता कोणालाच कळणार नाही. पण मॅडमनी आपलं यंत्र उचललं, कॅप्सूल घातली, फिरवली, तोंडाला लावून श्वास ओढला, दहा मोजले आणि यंत्र खाली ठेवलं. “असंच ना?” त्यांनी विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं. दादांचे कान लाल झाले. मला वाटलं, गेला डाव.

“मॅडम, तुम्ही हे तीस वर्षं शिकवताय,” दादा म्हणाले. या वेळी मान वर होती. “बडे बाबू, तुम्ही करून दाखवता का?”

पण बडे बाबूंनी आधीच करून टाकलं होतं. दादा बोलत असताना ते शेजारच्याशी रांगेबद्दल कुजबुजत होते. त्यांच्या कानावर ‘घ्या’ एवढंच पडलं होतं, आणि समोर पाण्याचा पेला होता. “मी घेतली,” ते म्हणाले. “गिळायला जरा जड आहे.”

बैठकीत इतकं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. बडे बाबू मात्र घाबरेघुबरे होऊन विचारत होते, “काही होणार नाही ना मला?” दादा त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काही होणार नाही. ती रिकामी होती. पण आमच्या आजींच्या चव्वेचाळीस भरलेल्या होत्या.”

हसू थांबलं. मग दादांनी आजींबद्दल सांगितलं. फार तर दोन मिनिटं बोलले असतील. यंत्र कपाटात जपून ठेवलं होतं, तेही सांगितलं. बोलताना ते एकेकाच्या डोळ्यांत बघत होते, आणि टेबलाखाली एकही फोन नव्हता. शेवटी म्हणाले, “मला जुन्या पेशंटसाठी वेळ नको. ज्याला नवीन औषध मिळालंय, त्याच्यासाठी तीन मिनिटं हवीत.” आणि खाली बसले.

मॅडमनी बडे बाबूंना विचारलं, “तुम्ही सांगा. हे काय मागताहेत?”

बडे बाबूंनी घसा खाकरला आणि शब्दन् शब्द बरोबर सांगितलं.

नवी खिडकी मिळाली नाही, तेवढी माणसंच नव्हती. पण चौथ्या खिडकीचे दोन भाग झाले. डावीकडे नेहमीची औषधं, तिथे सकाळी भांडारातला एक माणूस बसायला लागला आणि ती रांग पळायला लागली. उजवीकडे नवीन औषधं, तिथे दादा. तीन महिन्यांचा प्रयोग ठरला होता, तो नंतर कोणी बंद केला नाही. उजव्या बाजूला पेशंटला बसायला एक गोल स्टूल आलं. ते बडे बाबूंनी स्वतःच्या खोलीतून आणून दिलं आणि त्याबद्दल कोणाला काही बोलू दिलं नाही.

आजी सहा दिवसांनी घरी गेल्या होत्या. नंतर दर महिन्याला त्या यायच्या आणि औषध घेऊन झालं तरी तासभर बाकावर बसून राहायच्या. कोणाच्या हातात ते यंत्र दिसलं की सरकून जवळ जायच्या. “पोटाची नाही हां ही, छातीची आहे. मी बावीस दिवस गिळली, मला विचारा.” दादांनी ते ऐकलं आणि आपलं लांबलचक वाक्य सोडून दिलं. ‘ही पोटाची नाही, छातीची’ हेच ते सगळ्यांना सांगायला लागले. “आजींनी माझं काम एका ओळीत केलं,” ते म्हणायचे. एकदा आजींनी त्यांच्या कोटाचा फाटलेला खिसा बघितला, कोट उतरवायला लावला आणि बाकावर बसल्या बसल्या शिवून दिला. दादा तोवर शर्टावरच औषधं देत होते. नऊ वर्षं त्या येत राहिल्या. मग एक महिना आल्या नाहीत. दादा संध्याकाळी पत्ता शोधत त्यांच्या गल्लीत जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी फळीवरून एवढंच म्हणाले, “आजी गेल्या.”

इतर दवाखान्यांतून त्यांना भाषणाला बोलवायला लागले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. “भाषण ऐकून कोणाला काही येत नाही,” असं ते म्हणायचे. “ज्याला शिकायचं आहे त्याने एक सकाळ माझ्या शेजारी बसावं.” किती तरी जण येऊन बसून गेले. दुपारी त्यांना दादा विचारायचे की सकाळपासून काय पाहिलं, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड जात असेल ते मला माहीत होतं. ऐकताना ते टेबलाखाली अंगठ्याने बोटं मोजत राहायचे.

निवृत्त होऊन त्यांना आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात वहिनी बाजारात भेटल्या. हातात दोन पिशव्या, चेहरा अगदी हसरा. मी दादांची चौकशी केली.

“बरे आहेत. बाहेर सावलीत उभे आहेत, ते बघा,” त्या म्हणाल्या. “आता मी बोलायला लागले की खुर्ची ओढून समोर बसतात. पहिलं वर्ष मला सुचायचंच नाही काय बोलावं. इतकी वर्षं अर्ध्यावर सोडलेली वाक्यं सगळी.” त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली आणि मोकळ्या झालेल्या हाताने पदर सारखा केला. “मग एकेक काढायला लागले. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आले आहे.”

दादा रस्त्यापलीकडे उभे होते. आम्ही दोघी बोलतोय हे बघून त्यांनी यायची घाई केली नाही.